चिमूटभर मीठ

दिवाळीच्या फराळात नाव होते ते गोडाचे. पण ताट नीट न्याहाळले तर त्यात राज्य चालते मिठाचे. लाडू आणि करंज्या बाजूला काढल्या की उरते काय? चकली, शेव, चिवडा, कडबोळी. लाडवाचा पाक थोडा पुढे गेला तरी पाहुणा तो दाताने कसाबसा फोडतो आणि वर 'छान झालाय हो' म्हणतो. चिवड्यात मीठ पडायचे राहिले असेल तर मात्र बशी तशीच बाजूला सारतो.

आमच्याकडे हे मीठ मोजून पडते. भाजणी मळायला घेण्याआधी बायको फळीवरून एक लहानसा चमचा काढते, तो भरते, वरचा उंचवटा बोटाने निपटून टाकते आणि मग ते मीठ पिठात घालते. शेजारच्या काकू हे पाहून दर वर्षी म्हणतात, "मास्तरांना बीपी ना, म्हणून!" बायको "हो" म्हणते. ते खरे आहे, पण अर्धेच. पुरते सांगायचे तर ते उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही. बसून सांगावे लागेल, आणि तेवढी सवड माणसाला दिवाळीतच असते.

मी माण तालुक्यात एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी घेतली. 'मॅट्रिक' हा शब्द आता कोणी वापरीत नाही, दहावी म्हणतात. पण आमच्या मामांनी गावभर पेढे वाटले ते 'पोरगा मॅट्रिक झाला' असे सांगूनच, म्हणून मीही तोच धरून ठेवला आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या आहेत. पहिलीचा उल्लेख पुढे येईल, कारण तिचा माझ्या दुखण्याशी संबंध आहे.

मला दोन जुनाट दुखणी आहेत. एकाचे नाव रक्तदाब. हे मोठे समाजप्रिय दुखणे आहे. लग्नाच्या पंगतीत 'मला लोणचं नको, बीपी आहे' एवढे म्हणावे, की डावीकडचा आपल्या गोळीचे नाव सांगतो, उजवीकडचा आपल्या मेहुण्याचे आकडे सांगतो, आणि मठ्ठा येईपर्यंत तिघांची ओळख होऊन जाते. दुसऱ्याचे नाव बायपोलर. शुद्ध मराठीत द्विध्रुवीय विकार. मन एका टोकाला उन्मादात जाते, दुसऱ्या टोकाला काळोखात. हे नाव पंगतीत घेऊन पाहा. दोन्हीकडची माणसे एकदम ताटात पाहून जेवू लागतात.

ते पहिल्यांदा आले २००३ सालच्या उन्हाळ्यात. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एकोणीस रात्री मी झोपलो नाही, आणि झोप नसल्याचा शीणही नव्हता. चारशे पाने लिहिली. शाळेच्या आवाराची भिंत एका रात्रीत रंगवून काढली. रंग उधारीवर आणला होता. सकाळी मुख्याध्यापकांना सांगितले की पुढच्या महिन्यात आपली शाळा जगप्रसिद्ध होणार. माझ्या मते ही गोष्ट इतकी उघड होती की लोकांना ती दिसत कशी नाही याचेच नवल वाटे. मग आषाढ आला नि सगळे विझले. मी कोनाड्याकडे तोंड करून पडून राही. एके दुपारी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा होतो. तेथून मला वाटेकऱ्याच्या पोराने हाताला धरून घरी आणले. याहून जास्त मी त्या दुपारविषयी सणाच्या अंकात लिहीत नाही.

आई मला देवऋष्याकडे नेणार होती. मामा एस.टी.त कंडक्टर. त्यांनी आईला विचारले, "आक्का, ह्येचं पोट दुखलं असतं तर कुटं न्हेलं असतंस?" आई म्हणाली, "डाक्टरकडं." "मग डोकं काय अंगाच्या भायेर हाय व्हय?" आणि त्यांनी मला आपल्याच गाडीत, आपल्या शेजारच्या सीटवर बसवून साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तिकीट मात्र रीतसर फाडले.

डॉक्टरांनी लिथियम दिले. ते मी आजतागायत घेतो. हे लिथियम म्हणजे कोणी प्रयोगशाळेत जुळवून केलेला पदार्थ नव्हे; तो एक धातू आहे, सगळ्या धातूंत हलका. १८१७ मध्ये आर्फवेडसन नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाला तो एका दगडात सापडला, म्हणून दगडाच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. त्याचे क्षार दिसायला, चवीला मिठाच्या जवळचे. अमेरिकेत १९२९ साली सेव्हन अप बाजारात आले तेव्हा त्यात लिथियमचा एक क्षार असे, हे वाचून मला आमच्या यात्रेतल्या सोडावॉटरच्या गाड्या आठवल्या.

मनाच्या दुखण्यावर त्याचा गुण प्रथम नीट दाखवून दिला तो जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने. हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांच्या कैदेत तीन वर्षांवर होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका इस्पितळात, जवळजवळ काही साधने नसताना, त्याने गिनीपिगांवर प्रयोग सुरू केले. लिथियम टोचल्यावर ते चपळ प्राणी शांत पडून राहू लागले. केडने ते आधी स्वतः घेऊन पाहिले आणि मगच उन्मादाच्या रोग्यांना दिले. पहिला रोगी पाच वर्षे उन्मादात असलेला, एक्कावन्न वर्षांचा. काही महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. १९४९ च्या सप्टेंबरात केडचा लेख प्रसिद्ध झाला. आणि १९५० मध्ये तोच पहिला रोगी त्याच औषधाची विषबाधा होऊन वारला. माझ्या गोळीचा सगळा इतिहास मला या एका माणसात दिसतो.

त्याच १९४९ साली अमेरिकेत दुसरी एक गोष्ट घडली. हृदयविकाराच्या व रक्तदाबाच्या रोग्यांना मीठ वर्ज्य. तेव्हा त्यांच्यासाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड बाटलीत भरून विकले जाऊ लागले. रोगी ते भाजीवर हवे तेवढे शिंपडीत. काही दगावले, तेव्हा सरकारने ते बाजारातून उठवले. असे का झाले हे मला ज्या दिवशी समजले त्या दिवशी माझ्या दोन दुखण्यांचे एकमेकांशी असलेले नातेही समजले.

ते असे. आपले मूत्रपिंड म्हणजे घरातला काटकसरी मुनीम. रक्तातले काय ठेवायचे आणि काय बाहेर टाकायचे ते तो ठरवतो. पण या मुनिमाला मीठ आणि लिथियम यांतला फरक फारसा कळत नाही. अंगात मीठ पुरेसे असले म्हणजे तो दोन्ही सैल हाताने सोडतो. मीठ कमी पडले, घाम फार गेला, जुलाब-उलट्या झाल्या, की तो घाबरतो आणि मीठ धरून ठेवू लागतो. त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतो. रक्तात ते साठत जाते. औषध म्हणून लिथियमचा आकडा साधारण ०.६ ते १.० मध्ये असावा लागतो. दीडच्या वर गेला की त्रास सुरू होतो, दोनच्या वर जिवाशी गाठ. औषध आणि विष यांच्यामध्ये एवढीच पट्टी. रक्तदाबाचे पथ्य सांगते, मीठ तोडा. लिथियमचे पथ्य सांगते, मीठ एकाएकी तोडू नका. दोन्ही पथ्ये बरोबर, आणि दोघांना जेवू घालायचे ताट एकच.

चित्रकलेच्या मास्तराला लिथियमने आणखी एक भेट दिली. माझा हात बारीक थरथरतो. फळ्यावर मोकळ्या हाताने वर्तुळ काढणे ही आमच्या धंद्यातली शेखी मिरवण्याची जागा. ती माझी गेली. सहावीतल्या एका मुलीने एकदा विचारले, "सर, तुमची रेघ कापते का?" मी म्हटले, "हो, कापते." तिने थोडा विचार केला नि म्हणाली, "पाण्याची लाट काढायला बरी हाय." तेव्हापासून नदी, धूर, पिंपळाच्या पानाच्या शिरा हे मी काढतो, आणि वर्तुळे वर्गातली मुले काढतात.

दोन दुखण्यांसह राहण्यात खरे काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी गोळ्या घेणे म्हणणार नाही. गोळ्या काय, पाण्याबरोबर जातात. काम असते ते आज कोण बोलते आहे हे ओळखण्याचे. सकाळी उठवत नाही. हे मन काळोखाकडे चालले, की अंगच थकले? २०१२ च्या हिवाळ्यात मला असाच जडपणा आला. थंडी सोसवेना, चेहरा सुजल्यासारखा, वर्गात उभे राहिले की केव्हा एकदा खुर्चीत बसतो असे होई. घरचे, शाळेतले, सगळे समजले की जुने दुखणे परतले. मलाही तेच वाटत होते. दुसरे वाटायला जागा कोठे होती? साताऱ्याच्या डॉक्टरांनी मात्र बोलण्याआधी रक्त काढायला सांगितले. थायरॉइड मंदावला होता. लिथियम घेणाऱ्यांत हे पुष्कळदा होते. रोज सकाळी उपाशीपोटी एक इवलीशी गोळी सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत मी उभ्याने शिकवू लागलो. मनावरचे औषध वाढवले असते तर ते बिचारे कोणाशी लढले असते?

हे ओळखण्याचे काम डॉक्टर, रोगी नि घर या तिघांनी करायचे. त्यातला एक जरी 'हा तर वेडा' एवढ्यावर थांबला, तरी घोटाळा होतो. तो कसा होतो हे मी २०१६ च्या मे महिन्यात पाहिले. म्हणजे मी थोडे पाहिले, उरलेले बायकोने पाहिले.

त्या वर्षी दुष्काळ होता. आमच्याकडे ऊन एरवीही दयामाया करीत नाही. त्या साली तर टँकरची वाट पाहत रांगेत उभे राहण्यातच निम्मा घाम जाई. एप्रिलमध्ये रक्तदाब एकशे साठावर शंभर निघाला. मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर लिथियमची पट्टी ठेवली आणि हे औषध किती वर्षे, किती घेतो, सर्व सांगितले. त्यांनी पट्टीकडे पाहिले. "ते डोक्याचं औषध. त्याचा याच्याशी संबंध नाही," असे म्हणून त्यांनी मीठ पूर्ण बंद करायला सांगितले आणि लघवी वाढवून दाब उतरवणारी गोळी लिहून दिली. ही गोळी एरवी चांगली, स्वस्त आणि हजारोंना गुणकारी आहे. पण तीही मुनिमाला लिथियम धरून ठेवायला लावते. म्हणजे मीठ बंद, घाम चालू आणि वरून ती गोळी!

तीन आठवडे गेले. हाताची बारीक थरथर मोठी झाली. चहाची बशी वाजू लागली. मग मळमळ, जुलाब. एका संध्याकाळी एस.टी. स्टँडवरून येताना माझी पावले भलतीकडे पडू लागली. रस्त्यावरचा कोणी म्हणाला, "मास्तर आज घेऊन आलंय." दुसरा म्हणाला, "घेत न्हाईत ते. त्येंचं पुन्हा सुरू झालं असंल." आमच्या भागात 'सुरू झालं' म्हटले म्हणजे पुढे काय ते सांगावे लागत नाही. घरी आलो तेव्हा शब्द तोंडातल्या तोंडात घोटाळत होते. धाकटीचे नाव मला आठवेना, हे मला आठवते.

बायकोने मला रात्री एका दवाखान्यात नेले. तेथल्या तरुण डॉक्टराने कागद चाळले, आणि लिथियमचे नाव दिसताच चाळणे थांबवले. "पेशंट सायकियाट्रिक आहे ना? मग इथं कशाला आणलंत? झोपेचं इंजेक्शन देतो, सकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या." दुसऱ्या खाटेवर सर्पदंशाचा माणूस होता, डॉक्टर एकटा होता, हे सगळे मला पुढे बायकोनेच सांगितले, ती त्याला फार दोष देत नाही. पण त्या वेळी तिने त्याची वाट अडवली.

आमचे लग्न २००७ मधले. मामांनी तिच्या वडिलांना दुखण्याचे सर्व आधी सांगितले होते, आणि तिने ते ऐकून होकार दिला होता. ती त्या डॉक्टराला म्हणाली, "नऊ वर्षं मी यांच्याबरोबर राहतेय. यांचं वेड मला पाठ आहे. त्यात यांना झोप नसते. आता हे पेंगताहेत. त्यात बोलणं थांबवता थांबत नाही. आता यांची जीभ उचलत नाही. त्यात यांनी कधी उलटी केली नाही, की यांचा तोल गेला नाही. हे वेड नाही डॉक्टर. हे काहीतरी अंगातलं आहे. इंजेक्शन देऊ नका, आधी रक्त काढा."

त्याने इंजेक्शन बाजूला ठेवले. तिने साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला आणि तो त्याच्याच हातात दिला. फोनवर मिनिटभर बोलणे झाले, आणि त्याचा चेहरा बदलला असे ती सांगते. दोन्ही गोळ्या बंद, लगेच सलाइन, आणि १०८ ची गाडी बोलावून रातोरात सातारा. पुसेगावच्या अलीकडे गाडीत मला पुन्हा उलटी झाली, असेही ती सांगते. माझ्या स्मरणात त्या रस्त्यावरचे फक्त वरचे पिवळे दिवे आहेत. रक्त पुण्याला गेले. आकडा दुसऱ्या दिवशी आला, २.३. सलाइन म्हणजे काय, तर शिरेतून जाणारे मिठाचे पाणी. ज्या मिठाला तीन आठवडे घरात बंदी होती, ते बाटलीतून थेंब थेंब अंगात उतरत होते, आणि मुनीम हळूहळू मूठ सैल करीत होता. पाचव्या दिवशी मी धाकटीला नावाने हाक मारली.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर मी ती लिहिली नसती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजाराची माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, आणि त्यातली बरीचशी मरतात ती हृदयविकार, मधुमेह, छातीचे विकार अशा तुमच्या-आमच्या दुखण्यांनी. ज्यांना औषध आहे, ज्यांना तपासणी आहे. मनाच्या काही औषधांनी वजन वाढते, साखर वाढते. काळोखात पडलेला माणूस चालायला जात नाही, वेळेवर जेवत नाही. आणि तो 'छातीत दुखतंय' म्हणाला, तर ऐकणारा आधी त्याचे डोके तपासतो. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात मनाच्या रोग्याला वैद्यकीय सेवेत शरीराच्या रोग्याच्या बरोबरीने वागवावे, असे लिहिले आहे. ते कलम मी वहीत उतरवून घेतले आहे. पण खरे सांगायचे तर मामांनी हे कलम एस.टी. स्टँडवर २००३ सालीच सांगून टाकले होते.

साताऱ्याहून आल्यावर बायकोने घराची व्यवस्था हाती घेतली. पहिले म्हणजे तिने दोन डॉक्टरांची गाठ घालून दिली. रक्तदाबासाठी आम्ही दुसरे डॉक्टर धरले; त्यांची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना, यांची त्यांना. आता रक्तदाबाला ॲम्लोडिपिन आहे, ती लिथियमच्या वाटेला जात नाही. दोघांनी मिळून सांगितले, मीठ कमी करा, पण हळूहळू, आणि दर दोन आठवड्यांनी रक्त तपासत. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ असावे, म्हणजे लहान चमचाभर, असा जगाचा दंडक आहे. आम्ही चौघे, महिन्याचे सहाशे ग्रॅम झाले. आधी आमच्याकडे लोणची-पापड धरून दीड किलोवर मीठ उडे. ते खाली यायला आठ महिने लागले. आज जेवढे, उद्या तेवढेच. आज अळणी नि उद्या खारट, हे चालत नाही. म्हणून तो चमचा.

पाण्याचेही तसेच. दिवसाला साधारण तीन लिटर. उन्हाळ्यात घामाच्या मानाने अधिक. जुलाब-उलट्या झाल्या की लिथियम थांबवून आधी फोन. दात दुखो की गुडघा, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायचे नाही, पॅरासिटॅमॉलवर भागवायचे. औषधांच्या दुकानदाराला हे आता मी न सांगता ठाऊक असते. माझ्या खिशात एक कागद असतो. त्यावर औषधांची नावे, दोन्ही डॉक्टरांचे फोन, आणि खाली बायकोच्या अक्षरात, 'तोल गेला किंवा जीभ जड झाली तर आधी रक्त तपासा.'

सर्वांत अवघड गेली ती आषाढी. आई वारकरी, एकादशीला घरात पाण्याचा थेंबही न घेणारी. "आरं, येक दिस पानी न्हाई पेलं तर काय हुतंय?" असे ती म्हणे. तिला मुनिमाची गोष्ट सांगितली, पटली नाही. मग बायकोने साताऱ्याच्या खाटेवरची गोष्ट सांगितली. आई काही बोलली नाही. पण पुढच्या एकादशीला सकाळी तिने स्वतः तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो संपवीपर्यंत समोर बसून राहिली. तिचा स्वतःचा उपास मात्र निर्जळीच.

आता उरली ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढा वेळ वाचकाला बसवून ठेवले. वीस-बावीस वर्षे लिथियम घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडू शकतो, आणि रक्तदाबही त्याच जागी घाव घालतो. माझे क्रिएटिनिन कित्येक वर्षे ०.९ असे. गेल्या वर्षी ते १.४ निघाले, तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेवढेच. आमचा मुनीम म्हातारा होऊ लागला. लिथियम बंद करावे, तर दुसरी औषधे आहेत. पण जे औषध एका माणसाला वीस वर्षे सावरते, त्याच्या जागी दुसरे तेवढेच सावरील याची हमी कोणी देत नाही. शिवाय लिथियमवरच्या माणसांत आत्महत्या कमी होतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसून आले आहे. मळ्यातली ती विहीर अजून तेथेच आहे; तिला आता पाणी नसते, एवढेच.

आम्ही दोघे साताऱ्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "किडनी तुमची आणि डोकंही तुमचं. मी दोन्हीकडचं सांगतो, ठरवू तिघं मिळून." त्यांनी सांगितले. तासभर गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी असे ठरले की गोळी तीनावरून दोनावर आणायची, आकडा ०.५ च्या आसपास ठेवायचा, दर तीन महिन्यांनी रक्त पाहायचे, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनाही चिठ्ठीच्या साखळीत घ्यायचे, आणि क्रिएटिनिन वर गेले तर पुन्हा बसायचे.

बायकोने विचारले, "कमी केलेलं पुरेना झालं, तर आधी कळेल कशावरून?"

"झोपेवरून," डॉक्टर म्हणाले. "यांना कळायच्या आधी तुम्हांला कळेल."

तेव्हापासून आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला, जेथे लोक दुधाचा हिशेब ठेवतात, तेथे दुधाच्या शेजारी आणखी एक रकाना आहे. त्यात ती रोज सकाळी माझ्या झोपेचे तास लिहिते. एकदा ओळीने तीन दिवस चार-चार आले होते. तिने फोन केला, गोळीत थोडा फेरफार झाला, आणि आठवडाभरात आकडे जागेवर आले. मी त्या वेळी नव्या कादंबरीचे सतरावे प्रकरण लिहीत होतो आणि ते फार उत्तम चालले आहे असे माझे मत होते. ते प्रकरण मी नंतर वाचून पाहिले. त्यातली दोन पाने खरोखरच बरी आहेत, ती ठेवली.

पुढची तपासणी भाऊबीज झाल्यावर आठवड्याने आहे. काल रात्रीच्या रकान्यात सात आहे.